कंत्राटदाराचे साहेब

उद्या करखात्याच्या तपासनीस बाई जावयाच्या ऑफिसात येणार म्हटल्यावर घरात कुणाचाच पाय जमिनीवर ठरेना. त्यात सासरेबुवा तर नुसते उडत होते.

जावई तीन वर्षं परदेशात एका कंपनीसाठी पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढत होता. नोकर म्हणून नव्हे हं, कंत्राटदार म्हणून. स्वतःचं बिल स्वतः लावायचं, स्वतःचा कर स्वतः भरायचा. आता करखात्याला शंका आली होती की हा कंत्राटदार नुसता कागदावरचा, प्रत्यक्षात तो कंपनीचा नोकरच आहे. तसं ठरलं तर कंपनीला दंड, कंत्राट रद्द, त्यापाठोपाठ व्हिसा रद्द, आणि शाळेची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आलेल्या लेकीसकट सगळं बिऱ्हाड विमानात.

पंचाईत अशी, की कागद अगदी चोख होते, पण माणूस जन्मजात नोकर होता. नवाच्या ठोक्याला खुर्चीत. दाढ दुखली तरी साहेबांकडे रजेचा अर्ज. कंत्राटदाराला रजा नसते, तो नुसता येत नाही, हे साहेबांनी चारदा समजावून पाहिलं. हा प्रत्येक वेळी 'हो साहेब' म्हणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत दारातून डोकावून 'जाऊ का?' विचारायचा.

सासरेबुवांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांच्या हजेऱ्या तपासण्यात घालवली होती. लेकीकडे येऊन महिना झाला होता आणि खिडकीतून मोटारी मोजून त्यांचा जीव विटला होता. ही तपासणी म्हणजे त्यांना पर्वणीच. त्यांनी जावयाला समोर बसवलं.

"तीनच गोष्टी बघतात, जावईबापू. हत्यारं कुणाची, वेळ कुणाची आणि हुकूम कुणाचा. तिन्ही तुमची दिसली पाहिजेत."

लगेच जेवणाच्या टेबलावर तालीम सुरू झाली. बायको साहेब झाली. नकाशा आजच हवा, असं तिने दरडावून सांगायचं आणि याने 'बघतो, जमलं तर' म्हणायचं. सात वेळा तालीम झाली आणि सातही वेळा हा 'आत्ता देतो' म्हणाला. शेवटी बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, सोळा वर्षांत मला एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत, ते ठीक आहे. उद्याचा दिवस तरी साहेबांना म्हणा."

तिकडे साहेबांचीही पाचावर धारण बसली होती. त्यांचा फोन आला तेव्हा सासरेबुवांनी तो जावयाच्या हातून काढूनच घेतला आणि साहेबांची शिकवणी घेतली. हुकूम सोडायचा नाही. आवाज चढवायचा नाही. काहीही हवं असलं तरी आधी विचारायचं. साहेब पलीकडे सगळं लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी जावई घरची खुर्ची खांद्यावर घेऊन निघाला. अकरानंतर पोचायचं ठरलं होतं, पण पाय सवयीने नवालाच ऑफिससमोर हजर झाले. मग गडी दोन तास समोरच्या बागेत स्वतःच्याच खुर्चीवर बसून राहिला. सव्वाअकराला आत शिरला तेव्हा तपासनीस बाई कोपऱ्यात वही उघडून बसल्याच होत्या. याने घरची खुर्ची टेबलाशी मांडली आणि बसला.

इतक्यात साहेब केबिनमधून बाहेर आले आणि याच्या टेबलापासून चार हातांवर थांबले.

"येऊ का?"

अख्ख्या ऑफिसने माना वर केल्या. जावई उठून उभा राहणार होता, पण सासऱ्यांचा चेहरा आठवला आणि तो बसून राहिला. सवड असली तर हा नकाशा पाहाल का, असं साहेबांनी अजिजीने विचारलं. याने डोळे मिटले, सगळा धीर गोळा केला आणि म्हणाला, "बघतो."

जमलं की! त्याला इतका आनंद झाला की कान गरम झाले. साहेबांनाही हुरूप आला. त्यांनी खिडकी उघडू का विचारलं, थोड्या वेळाने लावू का विचारलं. एक वाजता ते डबा घेऊन जेवायला जाऊ का विचारायला आले. 'जा,' म्हणाला हा, 'पण वेळेत परत या.' चार वाजता साहेब पुन्हा समोर उभे. दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, थोडं लवकर निघालं तर चालेल का?

"आज जा," जावई म्हणाला. "पुढच्या वेळी आधी सांगत चला."

हे आपण बोललो यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. बाई मात्र वहीत भराभरा लिहीत होत्या.

आठ दिवसांनी जावयाच्या नावाने करखात्याचं पत्र आलं. सासरेबुवांनी ते उभ्यानेच फोडून मोठ्याने वाचायला घेतलं. आपण कुणाचेही नोकर नसून पूर्णपणे स्वतंत्र आहात, असा निर्वाळा होता. बायकोने नवऱ्याला मिठीच मारली. लेक पुस्तकं टाकून नाचत आली. सासरेबुवांनी चष्मा पुसला, पान उलटलं आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. 'मात्र तेथील एक ज्येष्ठ गृहस्थ येण्याजाण्यासाठी, जेवणासाठी व रजेसाठी आपली परवानगी घेताना आढळले. त्यांना आपण नोकरीवर कधी ठेवले आणि त्यांचा कर का कापला नाही, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.'

संध्याकाळी साहेब स्वतः घरी आले. त्यांनाही पत्राची प्रत गेली होती. कोचावर बसून त्यांनी ती पुन्हा एकदा नीट वाचली. कंपनी काढल्यापासून या माणसाने एक दिवस सुट्टी घेतली नव्हती. त्यांनी पत्राची घडी घातली आणि जरा पुढे सरकून बसले.

"मग माझ्या यंदाच्या रजा किती?"

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. आणि मग कुणालाही न विचारता तो कोचावर आरामात रेलला.

"लेखी अर्ज द्या," तो म्हणाला. "बघतो, जमलं तर."