नानांचे दोन इंच

आमच्या नानांच्या घरी गेलं, की पाण्याच्या पेल्याआधी हातात टेपचं टोक येतं. "ताई, आल्याच आहात तर जरा धरा." मग दुसरं टोक घेऊन ते खिडकीपर्यंत जातात, नळापर्यंत जातात. काय मोजतात ते विचारायची सोय नाही. धुळ्यात देवपूरला आमची भिंतीला भिंत आहे. नानांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. नोकरी सुटली, मोजणी सुटली नाही. वहिनी गेल्यापासून टेपचं दुसरं टोक माझ्याकडे आलं.

"मोजल्याबिगर बोलायचं नाही," हे त्यांचं ब्रीद. मी एकदा सहज म्हटलं, "काय ऊन आहे हो आज!" तर थर्मामीटर घेऊन ओट्यावर आले. असा माणूस शेजारी असला, की आपण आपले गप्प राहायला शिकतो. मी अजून शिकले नाही, तो भाग वेगळा.

नानांची एक जुनी जीप आहे आणि एक थोरली बहीण. अक्का सोनगीरच्या आतल्या बाजूला मळ्यात एकट्या राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तव्याला हात लागून पोळला, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की एकच उत्तर, "पुढला साल देखसूत." डॉक्टर मात्र नानांना स्पष्ट बोलले होते, की आणखी उशीर केलात तर नजर परत येईल याची खात्री मी देणार नाही.

नाना जीप घेऊन आणायला निघाले. सोबत मी, अक्कांना धरायला बाई माणूस हवं म्हणून. मळ्याच्या अलीकडे नाला आहे. त्यातल्या एका दगडावर जीपचं पोट असं टेकलं, की पुढे जाईना. घसरट दगडांतून अर्ध्या नजरेच्या म्हातारीला चालवत आणायची कुणाची छाती? अक्का पलीकडच्या काठावर उभ्या होत्या. आवाजावरून त्यांना सगळं कळलं. हात हलवून खुशाल घरात निघून गेल्या.

नानांनी तिथंच टेप काढला. या वयात मला गुडघाभर पाण्यात उभं केलं, दगड मोजला, जीपचं पोट मोजलं. "दीड इंच कमी पडले, ताई. दोन इंच उचलू."

जीप कशीबशी मागे काढून गॅरेजात आणली. उस्मान मिस्त्री म्हणाला, "चारच करू ना नाना! रुबाब दिसेल."

"रुबाब तुझ्या पोराच्या लग्नात दाखव. जितकी उंच, तितकी वळणावर कलंडते. मला दगडापुरतं पाहिजे."

"मग स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे टाकतो, तासाभरात मोकळे."

"ठोकळे नातवाला दे खेळायला!"

नवे पाटे आले, त्यांना धरणारे यू-बोल्टही नवेच. जुने पुन्हा लावायचे नाहीत म्हणजे नाहीत. धक्के झेलायला लांब शॉकप आले. चाकं खाली लोंबकळली तर ब्रेकचा पाइप ताणतो का, ते नानांनी बोट घालून पाहिलं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मिस्त्रीला हातसुद्धा घालू देईनात. "जॅक उचलायला, घोडी भरवशाला," म्हणत चार लोखंडी घोड्या लावायला लावल्या. मिस्त्री कपाळाला हात लावून मला म्हणाला, "ताई, हे गाडी उचलून ऱ्हायले का पोरगी उजवून ऱ्हायले?" चाकांची दिशा तपासून झाली, तरी हेडलाइटचा झोत समोरच्यांच्या माडीवर जातो हे नानांच्या लक्षात आलंच. तोही खाली आणला.

पुन्हा निघालो. नाल्यात मी डोळे मिटून घेतले. जीप दगडावरून अलगद गेली. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तो दगड त्यांनीच घडवला होता.

आता अक्कांजवळ सबबच उरली नाही. लुगड्याचा घोळ सावरत जीपपाशी आल्या, पायरी हाताने चाचपली. पाय उचलला. निम्म्यावर गेला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. आधीच उंच जीप, त्यात हे दोन इंच.

"बठ्ठं मोजं रे तू," अक्का म्हणाल्या, "मना गुडघा कोनी मोजा?"

सगळं मोजलं आणि गुडघाच राहिला! मी हसणार होते. पण नानांचा चेहरा बघवेना. मग टेप सीटवर टाकून ते चिखलात एका गुडघ्यावर बसले आणि मांडी थोपटली. "ठेव पाय." अक्कांनी मांडीवर पाय ठेवला, धाकट्या भावाच्या डोक्याला धरलं आणि चढल्या. मला भरूनच आलं, खोटं कशाला बोलू!

एकामागून एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. महिना उलटून गेला, अक्का अजून धुळ्यातच आहेत. नानांकडे सकाळी भाकरी थापल्याचा आवाज येतो. माझ्या हातात टेपचं टोक काही आलं नाही.

अक्का घरी जायचं म्हणतात. नाना म्हणतात, गाडी उचलल्यावर थोडी चालवून बोल्ट पुन्हा कसावे लागतात, तोवर मी कुणाला नाल्यातून नेणार नाही. ते खरंच आहे, मिस्त्रीही म्हणाला. पण ते एकदाच कसायचे असतात. नाना रोज सकाळी सतरंजी टाकून जीपखाली शिरतात.

परवा राहवलं नाही. अक्का ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी हळूच म्हटलं, "अक्का, ते बोल्ट एव्हाना..."

"घट्ट शेतस. माले आते चांगलं दिखस." जीपखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे त्या बघत होत्या. "कसू दे त्याले. त्याना घरमा कोनी नई, बठ्ठं रितं शे."

मग आवाज चढवून म्हणाल्या, "नीट कस रे भाऊ. घाई नई शे."

"हां अक्का," जीपखालून उत्तर आलं.