वाटीत राहिलेले दात

“प्रभूनं पापातनं सोडवलं, ते तारण म्हंजी काय दगडावरची रेघ न्हाय, पूनम. जपलं तर ऱ्हातंय, न्हायतर निसटतंय,” असं केराबाईंनी सुनेला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. पूनम तेव्हा नुकतीच बी.एस्सी. होऊन सोलापुरात नांदायला आलेली. “आत्या, मेंढपाळाच्या हातातून मेंढरू कोणी हिसकावू शकत नाही. एकदा वाचलं ते वाचलं,” असं म्हणून तिने तो इशारा कुकरच्या शिट्टीबरोबर उडवून लावला.

पण केराबाई होत्या सांगोल्याकडच्या. माहेरी मेंढरांचा कळप. “कुणी हिसकावत न्हाय, खरं हाय. पण मेंढरू आपल्या पायानं पळतंय की! तू मेंढरू पाह्यलंयस का कदी? लई येडं जनावर.” पूनमने मेंढरू पाहिलं होतं ते नाताळच्या देखाव्यातलं, कापसाचं. ते कुठेच पळत नसे.

हा वाद पूनमची लेक आरोही पाच वर्षांची झाली तरी चालूच होता. फरक एवढाच पडला होता, की आई झाल्यापासून पूनमला कशाचीच खात्री वाटेनाशी झाली होती. गॅसचं बटण बंद केल्यावर ती परत जाऊन बघे. झोपलेल्या पोरीच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघे. तारणाचंही तसंच. सासूपुढे ती ठाम असे, पण दिवा मालवला की तेही बटण एकदा तपासून घ्यावंसं वाटे.

त्या रविवारी ऊन असं होतं की कावळेसुद्धा पत्र्यावर बसायला तयार नव्हते. पूनमला उपासनेनंतर चर्चच्या शब्बाथ शाळेतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना गोष्ट सांगायची होती, पण आदल्या रात्री वीज गेल्याने डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने मंडळीच्या ग्रुपवर टाकलं, ‘आरोहीला ताप आहे. येऊ शकत नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.’ पाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला.

आरोही त्या वेळी सोफ्यावरून उड्या मारत होती.

“ताप कुणाला आलाय गं?” केराबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“अंग जरा कोमट लागतंय, आत्या.”

“मे महिन्यात भिंत बी कोमट लागती,” असं म्हणून केराबाई एकट्याच उपासनेला गेल्या. जाताना उंबऱ्यात थांबून मात्र म्हणाल्याच, “प्रभू कदी ईल ते सांगून येत न्हाय. आपल्या माणसांना असं चुटकीसरशी उचलून नेईल, कापडं हितंच पडत्याल. ज्याचं निसटलंय, त्यो बसंल मागं.”

दुपारी सगळी जेवली. पूनम आडवी झाली आणि तिला मेल्यासारखी झोप लागली.

जाग आली तेव्हा घर नको तितकं शांत होतं. पाच वर्षांचं मूल असलेल्या घरात शांतता म्हणजे धोक्याची घंटा. “आरोही?” उत्तर नाही. “अहो?” उत्तर नाही. ती उठून बाहेरच्या खोलीत आली आणि जागीच थबकली.

जमिनीवर आरोहीचा फ्रॉक पडला होता. नुसता फ्रॉक, आत आरोही नाही. खुर्चीवर नवऱ्याचा, ऋतुराजचा शर्ट. त्याचा फोन चार्जिंगला. दारात सगळ्यांच्या चपला जिथल्या तिथे. खिडकीपाशी केराबाईंचं पवित्र शास्त्र उघडं, त्यावर चष्मा, आणि शेजारी वाटीभर पाण्यात त्यांची कवळी!

चष्मा विसरून माणूस शेजारी जाईल. चपला विसरून अंगणात जाईल. पण दात ठेवून कोण कुठे जातं? जिथे दातांची गरजच नाही, तिथेच.

‘आरोहीला ताप आहे’ हे स्वतःचे शब्द तिला भिंतीवर लिहिल्यासारखे दिसू लागले. तिने चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. हातातला फोन पलंगावर, ओढणी कुठेतरी, चपलांचं भान नाही, अशी ती रस्त्यावर आली.

रस्ता नेहमीसारखाच होता. शेजारचे गुरुलिंग सावलीत मोटारसायकल पुसत होते. ते जागेवर असणं तिच्या हिशेबात बसत होतं, कारण ते महादेवाला जाणारे.

“काय वहिनी, उन्हात अनवाणी?”

“भाऊजी, तुम्ही आहात?”

“मी? मी कुटं जातोय? हितंच हाय की.”

“हो, तुम्ही असणारच म्हणा,” पूनम म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. इतका चांगला माणूस! “आमच्या आत्या दिसल्या का?”

गुरुलिंग एकदम गडबडले. हातातलं फडकं खाली पडलं. त्यांनी गल्लीकडे बघितलं, चाकाकडे बघितलं आणि शेवटी मान वर करून थेट आकाशाकडे बघत म्हणाले, “मला काय इचारू नका वहिनी. मी काय बघितलं न्हाय.”

पूनमला आणखी पुरावा नको होता. तरीही ती पाळकांच्या घराकडे धावली. दार नुसतं लोटलेलं. आत पंखा फिरत होता. टेबलावर दोन कप चहा, अर्धे प्यालेले, अजून गरम. आणि माणूस एक नाही. पाळक आणि पाळकीणबाई, दोघंही!

तापत्या डांबरावरून परत येताना तिला स्वतःच्या तारणापेक्षा भलतीच काळजी लागली होती. आरोहीला झोपताना पाणी लागतं, हे तिथे कोणी सांगितलं असेल का? तिची डाव्या कुशीवर झोपायची सवय? आत्या सांगतील. पण दातांशिवाय सांगितलेलं कोणाला कळणार?

घराचं दार उघडंच होतं. आतून हुंदके येत होते.

खोलीच्या मधोमध केराबाई फतकल मारून बसल्या होत्या. मांडीवर पूनमची ओढणी, हातात तिचा फोन. भिंतीकडे तोंड करून, बोळक्या तोंडाने त्या देवाशी भांडत होत्या. “पोराला नेलंस, नातीला नेलंस, चांगलं केलंस. पर पूनमला बी? ती तर थाप मारून घोरत पडली हुती! तिला घिऊन गेलास, आन मला ठिवलंस? दोन पेढ्यांपायी?”

“आत्या!”

केराबाई वळल्या. चेहऱ्यावर आधी आनंद पसरला, मग तो एकदम विरला. “तू हायस? म्हंजी तू बी ऱ्हायलीस व्हय गं?” आणि त्यांनी सुनेला कवटाळलं. पूनमच्या खांद्यावर अश्रू पडत होते आणि आत्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता.

रडता रडता सगळं बाहेर आलं. गुरुलिंगांच्या मुलीला, संस्कृतीला, नोकरी लागली होती. पेढे आले होते. डॉक्टरांनी केराबाईंचं गोड बंद केलेलं. म्हणून त्या चपला न घालता, आवाज न करता मागच्या दाराने त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. “पेढा दातात अडकतुया आन वासानं चोरी कळती, म्हणून दात ठिवून गेले. गुरुलिंगला शपत घातली, कुणाला सांगू नगो म्हणून.”

“मग आरोही? आणि हे?”

तेवढ्यात जिन्यावर ओली पावलं वाजली. हाफपँटवरला ऋतुराज आणि त्याच्या खांद्यावर चड्डीतली आरोही, दोघंही शेवाळाने हिरवेगार. “टाकी घासली!” ऋतुराजने विजयी स्वरात जाहीर केलं. “संध्याकाळी पाणी यायचंय ना. दोघं टाकीच्या तळाशी होतो, बाहेरचं काही ऐकूच येत नव्हतं.”

ही टाकी धू म्हणून पूनम दिवाळीपासून त्याच्या मागे लागली होती. तो खरंच धूत असेल हे तिच्या मनालाही शिवलं नाही. त्यापेक्षा जगाचा शेवट तिला जास्त शक्य वाटला होता.

आणि मग दारात खाकरण्याचा आवाज आला. पाळकसाहेब आणि पाळकीणबाई. “आम्ही मागच्या गल्लीने आलो. चहा पिताना आरोहीच्या तापाची आठवण झाली, तो तसाच टाकून निघालो. फोनही घरीच राहिला. कसं आहे लेकराला?”

“मला ताप नाहीच,” आरोही टपटप पाणी गाळत म्हणाली. “ताप मम्मीला आलाय. बघा कशी लाल झालीय.”

पूनम फरशीतली फट शोधू लागली. पण केराबाईंना धीर नव्हता. त्यांनी कवळी बसवली, पदर सावरला. “पाळकसाहेब, खरं सांगा. पेढ्यानं तारण जातंय का?”

पाळक उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच पूनमने विचारलं, “आत्या, तुमच्या वडिलांचं मेंढरू पळालं, तर ते काय करायचे?”

“काय करत्यात? जायचे मागं. एका लंगड्या कोकरापायी पार सोलापुरापतूर गेलते. आई म्हणायची, जाऊ द्या एक. तर म्हणायचे, माझं हाय त्ये.”

एवढं बोलून केराबाई स्वतःचंच वाक्य कोणीतरी दुसऱ्याने आपल्याला ऐकवावं, तशा बघत राहिल्या. पाळक हसून म्हणाले, “आता मी काय सांगू? सगळं तुम्हीच सांगितलंत.”

“तरी बी मेंढरानं पळू ने,” केराबाई हळूच पुटपुटल्या. वाद हरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पूनमनेही मग ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. हात जोडलेली चित्रं पुन्हा आली, मध्येमध्ये डोळ्यात पाणी येईपर्यंत हसणारी. आता दुपारी जाग आली की ती आधी हाक मारते, “आत्या, आहात ना?” आतून उत्तर येतं, “हाय गं. आन तू?” दोघींचं समाधान होतं. गुरुलिंगांकडे अर्धाच पेढा देण्याची ताकीद गेली आहे.

तुमच्याही घरात असं कोणीतरी असेलच. सगळ्यांना धाक घालणारं, पण दुपारी एकटंच गप्प बसलेलं. दुसऱ्यांचं काय होणार ते त्यांना पाठ असतं आणि स्वतःचं काय होणार, याची मात्र खात्री नसते. हे वाचून झालं की जरा उठा आणि त्यांना बघून या. आणि आधी वाटीत डोकावू नका, हाक मारा.