व्हिक्टरचे तीन युनिफॉर्म

बेसा भागातल्या त्या दुमजली घराच्या वरच्या खोलीत सकाळचे ऊन आधी समोरच्या भिंतीवर फिकट डागासारखे उमटे. मग खिडकीच्या गजांच्या सावल्या सोबत घेऊन सावकाश खाली उतरे, टेबलावरच्या घरगुती ट्रान्समीटरची बटणे एकेक करून उजळवी आणि अखेरीस धम्मदीपच्या निवलेल्या चहापाशी येऊन थांबे. त्यात विशेष असे काहीच नव्हते. मात्र त्या खोलीत रोज येणारे तेवढेच होते.

ऊन टेबलावर आले की धम्मदीप माइक उचले. "व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री, होटल..." हौशी रेडिओचालकाच्या परवान्यावर त्याला मिळालेल्या सांकेतिक नावाची ही अक्षरे; रेडिओवर व्ही म्हणजे 'व्हिक्टर', यू म्हणजे 'युनिफॉर्म', एच म्हणजे 'होटल'. शेवटी तो विचारी, "कोणी ऐकत आहे का?" पलीकडून खरखर येई. 'वातावरण प्रतिकूल', असे वहीत नोंदवून तो ऑफिसला जाई. असे अकरा महिने चालले होते.

एका रविवारी, खाली शिवणकामाचे दुकान चालवणारे घरमालक रुपराव गळ्यात टेप घालून वर आले.

"धम्मदीप, तू शिकेल माणूस हायेस. हा व्हिक्टर कोन गा?"

"कोण व्हिक्टर, काका?"

"माह्या एफएमवर येते नं रोज. व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री, होटल! होटलसाठी तीन युनिफॉर्म शिवून ठेवले म्या."

"माप न घेता?"

"मीडियम धरलं. मी रोज वरडतो, ऐकून राहिलो, माप सांग! तो आपला पुन्हा तेच इचारते, कोणी ऐकत आहे का. बहिरा दिसते."

जिन्याखालून त्यांच्या बायकोचा, कौशल्याबाईंचा आवाज आला, "अजी, उतरा खाली! त्या व्हिक्टरपायी माह्या भाचीचा ब्लाउज लटकून राहिला!"

धम्मदीपने टेबलावरच्या ट्रान्समीटरकडे पाहिले. आपला ट्रान्समीटर मूळ लहरीबरोबर दुप्पट वारंवारतेची एक नको असलेली लहरही सोडतो आहे आणि ती नेमकी रुपरावांच्या एफएमवर उतरते आहे, हे त्याला उमगले. तो व्हिक्टर मीच, हे तीन शब्द मात्र त्याच्या ओठांवर येईनात.

"शोधतो," एवढेच तो म्हणाला.

दिवसभर तारेची वेटोळी गुंडाळून त्याने ती लहर अडवणारा फिल्टर तयार केला. संध्याकाळी मोजून पाहिले, तर ती नको असलेली लहर जवळजवळ नाहीशी झाली होती. स्वच्छ लहर तरी कोणाला ऐकू जाईल, अशी एक आशा त्याने मनात जपली.

सोमवारी सकाळी त्याने पुन्हा साद घातली. खरखर. पाठोपाठ जिन्यावर जड पावले वाजली. रुपरावांच्या हातावर मरून रंगाचे तीन युनिफॉर्म होते, इस्त्री केलेले.

"व्हिक्टर आज बोललाच नाही गा. रोज तं ऊन चढलं का येते. त्याले काही झालं तं नसन?"

त्या आवाजातल्या काळजीपुढे लपून राहणे अशक्य होते.

"काका, व्हिक्टर मीच आहे."

रुपरावांनी गळ्यातला टेप काढला आणि त्याच्या छातीभोवती गुंडाळला. "छत्तीस. मीडियम बराबर बसते. पण तुले तीन कायले पाह्यजे?"

"ती परवान्याची अक्षरं आहेत. मी दुसऱ्या रेडिओवाल्यांना हाक मारत होतो."

"मंग देते का त्यातलं कोनी जबाब?"

धम्मदीपने वातावरणाच्या थरांविषयी, अँटेनाच्या उंचीविषयी, सूर्यावरच्या डागांविषयी सांगायला तोंड उघडले. टेपचे टोक धरून रुपराव वाट पाहत होते.

"नाही," तो म्हणाला. "अकरा महिन्यांत एकानंही नाही."