भंडारा आहे तोवर सोडायचं नाही

"ज्या दिवशी माणसाला स्वतःचं पोट कळेल, त्या दिवशी जगातले निम्मे तंटे मिटतील!" रमाकांत सरांनी जाहीर केलं.

"मला माजं कळतंय की," त्यांचा एकुलता एक श्रोता, शिपाई दत्तोबा, तंबाखू चोळत म्हणाला. "भूक लागलीया."

सरांनी तिकडं दुर्लक्ष केलं. साल शहाण्णव. कळंबजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात सर जीवशास्त्र शिकवायचे, पण हंगामी. ऊसतोडीच्या टोळीसारखे दर वर्षी यायचे, दर वर्षी जायचे. आज पुण्याहून साहेब येऊन तास बघणार आणि सरांना कायम करायचं का, ते ठरवणार!

विषयही सरांनी जालीम निवडला होता. आतड्याचा अनैच्छिक स्नायू रेणूंच्या पातळीवर आवळतो कसा! फळ्यावर सांगितलं असतं तर साहेबांसकट वर्ग झोपला असता. म्हणून सरांनी मैदानात जिवंत स्नायूच उभा केला.

भुसा भरलेलं पोतं म्हणजे घास. त्याला वेढा घातलेला मोटेचा जाड दोर, नाडा, म्हणजे अ‍ॅक्टिनचा धागा. नाड्याच्या दोन्ही टोकांना धनगरवाड्यातली दांडगी पोरं, ती मायोसिनची डोकी. दत्तोबाची चुन्याची डबी तर साक्षात कॅल्शियम! दत्तोबानं फाटकातून आत येऊन वर्गातल्या रतनच्या तळहातावर चुना ठेवायचा. रतन म्हणजे कॅल्मोड्युलिन. चुना मिळाला की त्यानं योगिनीला, म्हणजे कायनेजला, उठवायचं. तिनं प्रत्येक डोक्याला फॉस्फेट लावायचं. कपाळाला लागलं रे लागलं की ओढायचं! मग फॉस्फटेज, म्हणजे बिरू, ओल्या फडक्यानं कपाळं पुसणार, की सोडायचं.

खडूची भुकटी लावून तालीम झकास झाली होती.

साहेब आले. सफारीतले, गोलमटोल, भलते उत्साही! स्वागताचा उसाचा रस एकदा प्याले, "वा!" म्हणून पुन्हा प्याले आणि तडक मैदानात उतरले.

"पोत्याला काय दाब कळणार? मीच होतो घास!" म्हणत पोतं बाजूला सारून नाड्याच्या वेढ्यात उभेही राहिले!

सरांना आनंदानं घाम फुटला. "पोरांनो, ध्यानात ठेवा! कपाळावर आहे तोवर सोडायचं नाही!"

दत्तोबा आला. चुना पोचला. रतन धावला. योगिनी उठली, कपाळं पिवळीधमक झाली आणि पोरांनी नाडा असा खेचला की साहेब चरकातल्या कांडक्यासारखे करकरले!

"बघा साहेब!" सर जागच्या जागी नाचत होते. "आतडं असो, मूत्राशय असो, या स्नायूवर मालकाचा हुकूम चालत नाही! आणि एकदा आवळला, की थोडक्या खर्चात कितीही वेळ धरून ठेवतो!"

"पटलं," साहेब बारीक आवाजात म्हणाले. "सोडा आता."

"कॅल्शियम, बाहेर! फॉस्फटेज, आत!"

दत्तोबा गेला. बिरू फडकं घेऊन आला, पहिल्या कपाळापाशी थबकला आणि मागं सरला.

"सर, ह्यो खडू न्हाय! भंडारा हाय!"

"साहेब येणार म्हणल्यावर खडू कुठं लावायचा?" योगिनी म्हणाली. "बिरोबाच्या देवळातनं आणलाय."

"असू दे, पूस!"

"देवाचा भंडारा पुसू? माजं नाव बिरू हाय, सर! आज्जी मला मेंढरांत बी उभं करायची न्हाय!"

"मग तुम्ही तरी सोडा रे!" सर ओढणाऱ्यांवर ओरडले.

"कसं सोडायचं?" टोकाचा दादासो दात आवळून म्हणाला. "कपाळावर हाय तवर सोडायचं न्हाय, तुमीच म्हणलासा!"

सर स्वतःच फडकं घेऊन धावले. पोरांनी कपाळं वाचवायला अंगं मागं झोकली, तसा नाडा आणखी आवळला! साहेब जांभळे पडले. त्यांच्या बाहेर आलेल्या डोळ्यांतून सरांना आपली कायमची नोकरीही बाहेर पडताना दिसली.

"अरे बाबांनो," साहेब कळवळले, "त्या बिरोबाच्या नावानं—"

"चांगभलं!!"

सगळे हात एकदम आभाळाकडं! नाडा सुटला आणि साहेब भुशाच्या पोत्यावर जाऊन आदळले.

सर उचलायला धावले. साहेब मात्र उठेनात. पोतं पोटाशी घट्ट धरून तसेच बसले.

"सर," ते हळूच म्हणाले, "मूत्राशयालाही हाच स्नायू म्हणालात?"

"होय साहेब! अगदी हाच!"

"आणि मालकाचा हुकूम चालत नाही?"

"मुळीच नाही, साहेब!"

"कळलं. प्रात्यक्षिकासकट कळलं." साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "ही गोष्ट मैदानाबाहेर गेली नाही, तर तुमची कायमची ऑर्डर निघाली समजा. फक्त बिरूचं ते फडकं जरा इकडं द्या."