साहेबांचा दर्शनी दात

बाटलीचं झाकण दातांनी उघडायला साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. शिपायाला ओपनर सापडेना, तेव्हा "आमच्या पिढीचे दात बघ," म्हणत साहेबांनी बाटली तोंडाला लावली. झाकण जागच्या जागी राहिलं आणि वरचा दर्शनी दात हातात आला.

निवृत्तीला सात महिने उरले होते. निवृत्त होणाऱ्या प्रमुखाचा फोटो सभागृहात लागतो, आणि त्या भिंतीकडे बघतबघतच साहेबांनी अर्धी नोकरी काढली होती. आता तिथे खिंडार घेऊन लटकायचं?

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हाडात स्क्रू बसवू. तीन-चार महिन्यांत तो पक्का झाला की वर दात."

'काका' गिळून साहेब खुर्चीत आडवे झाले.

चार महिन्यांनी रंग निवडायची वेळ आली. बाईंनी नमुन्यांची पट्टी धरून शेजारच्या दातांशी जुळणारी, चहात बुडवून काढल्यासारखी छटा दाखवली.

"सगळ्यात पांढरा कोणता?" साहेबांनी विचारलं.

"अहो, शेजाऱ्यांशी जुळवून घ्या की," बायको म्हणाली.

"मी जन्मात कुणाशी जुळवून घेतलंय?"

"हे मला सांगताय?"

पांढरा दात बसला. साहेब हसले की अंधाऱ्या बोळात एकच दिवा लागल्यासारखं दिसे. बाकीचे दात कालच्याइतकेच पिवळे होते, पण आज किडके वाटू लागले. साहेब परत खुर्चीत.

"दोन्ही बाजूंचे करा."

"काका, ते धडधाकट आहेत. घासून त्यांचे खुंट करावे लागतील, मग वर टोप्या."

"घासा."

टोप्यांशेजारचे दोन आता मळके दिसायला लागले. तेही घासले. मग वरची ओळ पांढरी, खालची पिवळी, म्हणून खालचीही घासली. देवानं दात दिले होते, साहेबांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या. जन्मभर इमानानं चावणारे बिचारे, एका उपऱ्याच्या शोभेसाठी खुंटावर आले.

"बोलताना कपबश्या वाजतात तुमच्या तोंडात," बायको म्हणाली.

फोटोच्या दिवशी सगळा स्टाफ जमला. साहेब नवा कोट घालून बत्तिशी काढून हसले. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला.

"साहेब, ओठ मिटा. भिंतीवरच्या फोटोत दात चालत नाहीत."

"कुणी ठरवलं हे?"

शिपायानं अदबीनं कागद पुढे केला. पाच वर्षांपूर्वीचं परिपत्रक: प्रमुखांची मुद्रा गंभीर असावी, दंतदर्शन टाळावे. खाली साहेबांचीच लफ्फेदार सही. आधीच्या प्रमुखांचा हसरा फोटो भिंतीवरून उतरवण्यासाठी त्यांनीच ते काढलं होतं.

साहेबांनी ओठ मिटले. म्हणजे मिटायला घेतले. टोप्या चांगल्या गुबगुबीत होत्या. वरचा ओठ खाली ओढावा तर खालचा निसटे, खालचा आवरावा तर गाल फुगत. स्टाफ खिडकीबाहेर बघू लागला.

फोटोग्राफरनं दोनदा कॅमेरा डोळ्याला लावला, दोनदा काढला. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, घाई नाही. तोंडात जे काही आहे ते आधी गिळून घ्या, मग काढू."