मामांच्या बरणीतला गाळ

शिशाचं सल्फाइड पाण्यात किती विरघळतं, हे मोजून शुक्रवारी प्रबंध दिला नाही, तर ताईचं आणखी एक वर्ष प्रयोगशाळेत जाणार होतं. "पाण्यात भुकटी टाकायला सहा वर्षं?" असं सासूबाई आताच विचारू लागल्या होत्या.

पद्धत साधी. दहा ग्रॅम काळी भुकटी बाटलीभर पाण्यात घालायची, यंत्रावर दिवसभर हलवायची. सकाळी गाळायची, वाळवायची, वजन करून परत टाकायची. जेवढं घटलं, तेवढं विरघळलं. पुस्तकं म्हणतात, जवळजवळ काहीच घटत नाही.

सोमवारी दहा ग्रॅम. मंगळवारी आठ. बुधवारी सहा. ताईने तराजू बदलला. गुरुवारी चार.

ताईला घाम फुटला. तिचे मार्गदर्शक सर मात्र खुलले. आलेखाची रेघ अशी आली होती की पट्टीने लाजावं. तीस वर्षं 'हे विरघळत नाही' असं शिकवल्याबद्दल त्यांनी भर वर्गात माफी मागितली, विभागप्रमुखांना बोलावलं आणि शोधाला नाव आधी कुणाचं लावायचं यावर ताईशी मोकळ्या मनाने चर्चा करून स्वतःचं लावलं.

विभागप्रमुखांनी बाटलीतल्या पाण्यात एका रसायनाचे दोन थेंब सोडले. शिसं असतं तर पाणी पिवळं व्हायचं. ते नितळच राहिलं.

"मग सहा ग्रॅम गेले कुठे?"

कोपऱ्यात बाटल्या धुणारे मामा वळले. प्रयोगशाळा झाडण्या-पुसण्यात त्यांची हयात गेली होती.

"ते होय? माझ्याकडे आहेत."

ताई बाटली खाली ठेवून त्यांच्याकडे वळली.

"तळाला गाळ बसायचा, ताई. मला बघवेना. रोज संध्याकाळी जाताना एक सपाट चमचा काढायचो."

"मामा, मी हात लावू नका म्हणाले होते ना?"

"म्हणून तर थोडा थोडा काढला. एकदम काढला असता तर तुम्ही रागावला असतात."

मामांनी कपाटातून जॅमची जुनी बरणी काढली. त्यात वाळलेली काळी भुकटी. प्रयोगशाळेतलं काही फेकायचं नाही, हा सरांचाच नियम. तिचं वजन भरलं बरोबर सहा ग्रॅम. बाटलीतली चार मिळवून दहा, केसभरही कमी नाही.

सरांनी आपलं नाव हळूच खोडलं आणि माफी मागे घ्यायला वर्गाकडे गेले. ताईने 'विरघळत नाही' असं लिहून शुक्रवारी प्रबंध दिला.

महिन्याभराने परीक्षकांचा अभिप्राय आला. चार दिवस हाताळूनही कणभर सांडलं नाही, इतकं निगुतीचं काम त्यांनी पाहिलं नव्हतं.

ताईने तो मामांना दोनदा वाचून दाखवला. मामांनी शांतपणे ऐकून घेतला.

"छान झालं. आता ती बाटली धुवायला घेऊ का?"