कड्या दोन, उमेदवार तीन

वरच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशीने इमारतीच्या अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा तळमजल्यावरचा शिंपी तोंडातली टाचणी न काढताच हसला. हसायला काय जातं. पाण्याच्या बादल्या घेऊन वरपर्यंत चढणाऱ्याला विचारा.

"उभ्या राहा की मावशी," तो म्हणाला, "पण कडी कुठाय तुम्हाला?"

कडीचं असं होतं. चिठ्ठ्या टाकायच्या पत्र्याच्या पेटीवर कुणाचाच विश्वास नव्हता. एका वर्षी भाडेकरूंपेक्षा मतंच जास्त निघाली होती. तेव्हापासून नियम झाला, प्रत्येक उमेदवाराने पेटीला आपलं कुलूप लावायचं. पेटीला कड्या दोन, म्हणून उमेदवारही दोन. एक हा शिंपी आणि दुसरे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. कधी हा, कधी ते. पाण्याचा व्हॉल्व्ह अध्यक्षाच्या हातात, आणि पाणी काही वरच्या मजल्याचं नाव घेत नव्हतं. वरचे लोक मत द्यायलाही उतरत नसत. "कशाला गुडघे झिजवायचे? कोण येणार ते पेटीला आधीच ठाऊक असतं," म्हणायचे.

मावशीचा मुलगा परगावी नोकरीला. सून गरोदर, तिला मावशी बादली उचलू देत नव्हती. त्यामुळे सगळ्या खेपा मावशीच्याच. बाळ आल्यावर तर खेपा दुप्पट होणार.

"मग तिसरी कडी बसवा," ती म्हणाली.

"भोक पाडावं लागेल," हेडक्लार्क म्हणाले. "भोकातून मतं आत जाऊ शकतात. बाहेरही येऊ शकतात. पेटीच्या पावित्र्याचा प्रश्न आहे, बाई."

"मग चिकटवा."

"चिकटवलेलं सुटतं."

"बरं, कुलूप राहू दे. मी स्वतः बसते पेटीवर. मी सुटते का बघा."

दोघांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मावशी अंगाने भरलेली, आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही. खाल्लं ते स्वतःच्या कष्टाचं खाल्लं होतं. चिठ्ठीची फट पेटीच्या पुढच्या बाजूला, त्यामुळे हरकत घ्यायला जागा उरली नाही. दोघं हो म्हणाले. त्यांना वाटलं, तासाभरात उठेल.

मतदानाच्या सकाळी मावशी जी बसली ती बसलीच. बातमी जिन्याने वर गेली. जन्मात मत न दिलेली माणसं गंमत बघायला उतरली, आणि उतरलोच आहोत तर टाकू चिठ्ठी म्हणून टाकून गेली.

"घट्ट आहे ना मावशी पेटी?" एकाने विचारलं.

"उचलून बघ."

तो नको म्हणाला.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. दर वर्षी या वेळी सगळे घरी जात आणि उमेदवार आळीपाळीने पेटीची राखण करत. शिंपी जवळ आला.

"मावशी, जेवून या. मी आहे इथे."

"डबा पायाशी ठेवलाय."

थोड्या वेळाने हेडक्लार्क आले. "बाई, जरा पाय मोकळे करून या. या वयात एका जागी बसू नये. रक्त गोठतं."

"गोठू दे. माझंच आहे."

मावशीला नवल वाटलं. इतकी काळजी तिच्या नवऱ्यानेही कधी केली नव्हती, आणि तो तर माणूस बरा होता.

संध्याकाळी मतदान संपलं. मावशी उठली, झाकण मात्र बसलेलंच राहिलं. दिवसभराच्या वजनाने त्याला खोलगट खड्डा पडला होता आणि ते कडेने घट्ट रुतलं होतं. कुलपं निघाली, झाकण निघेना. शिंप्याने हिसके दिले, हेडक्लार्कांनी नियमाला धरून ओढलं.

"खाता तरी काय बाई तुम्ही?"

"खाण्यापेक्षा पाणी वाहून अंग भरलंय माझं."

शेवटी कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याला बोलावलं. त्याने पेटी उलटी केली, तळ चाचपला आणि म्हणाला, "एवढा जीव कशाला काढताय? तळाला नुसती फळी आहे. स्क्रू काढले की मोकळं. नेहमीच काढत असणार कुणीतरी, डोकी घासलीत पार. स्क्रूड्रायव्हर आहे का कुणाकडे?"

शिंप्याचा हात खिशात गेला. त्याच क्षणी हेडक्लार्कांचाही. दोघांचे स्क्रूड्रायव्हर एकदमच बाहेर आले, आणि दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत राहिले. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, तळाची गोष्ट आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे.

पत्रेवाल्याने दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि हेडक्लार्कांचा ठेवून घेतला. "हा जास्त सरावाचा दिसतोय."

चिठ्ठ्या सगळ्यांदेखत, मोठ्याने वाचून मोजल्या. त्या दोघांच्या राशी एकत्र केल्या तरी मावशीची रास मोठी भरली. सून भिंतीला टेकली आणि कितीतरी वेळाने तिने नीट श्वास घेतला.

हेडक्लार्क एवढ्यावर ऐकतात थोडेच. त्यांनी पुन्हा मोजलं आणि त्यांच्या आवाजात जीव आला. "एक मत कमी आहे. झाडून सगळी इमारत उतरली होती, मग हे एक गेलं कुठे? मी म्हणतो, निवडणूकच संशयास्पद आहे."

"माझं ते," मावशी म्हणाली. "टाकायचं राहिलं."

"का राहिलं?"

"टाकायला उठावं लागलं असतं. आणि मी उठले असते, तर तुम्ही दोघं खाली वाकला असता."

एवढं बोलून तिने व्हॉल्व्हच्या चावीसाठी हात पुढे केला.